अरबस्तानात मोह फुलला

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा पडदा. वडशाला एका बंद धान्यगोदामात, बांबूवर गुंडाळून मला आढ्याला टांगून ठेवलेले असते. मित्रांनो, पडद्याचे काम मागे उभे राहण्याचे. पुढे येऊन बोलण्याची मला सवय नाही, आणि माझी गोष्ट कोणाला ऐकावीशी वाटेल की नाही, याचीही खात्री नाही. पण माझ्या आयुष्यात एक दुपार अशी आली, की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म जाड मांजरपाटाचा. शिंप्याने पट्ट्या जोडून मला शिवले, अंगावर खळ चढवली, आणि सरसात कालवलेल्या रंगांनी माझ्यावर राजवाडा उभा राहिला. खांब, झुंबरे, कठड्यावर मोर. सोमाजीभाऊंच्या नाटक मंडळीबरोबर मी दिवाळीपासून होळीपर्यंत बैलगाडीतून गावोगाव फिरलो. मी उलगडलो की लोक "वा, वा" म्हणायचे. मला वाटायचे, हे आपलेच कौतुक.

मग नागपूरहून झगमगीत पडदे आले. माझा मोर फिकट झाला, एका खांबावर उंदरांनी दात मारले. मला धानाच्या पोत्यांवर झाकण म्हणून पसरले गेले. किती पावसाळे मी त्या पोत्यांवर पडून होतो, ते आठवावेसेही वाटत नाही.

मला तिथून उठवले हरिदास मास्तरांनी. ते शाळेत इतिहास शिकवत आणि मंडळीसाठी नाटके लिहीत. त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे शहाऐंशीच्या सुमारास, त्यांनी एक वेगळेच नाटक लिहिले होते. पहिल्या महायुद्धातली ती खरी हकिकत. अरबांच्या मुलखावर तेव्हा तुर्कांचे राज्य होते. इंग्रजांनी अरबांना सांगितले, "आमच्या बाजूने तुर्कांशी लढा, तुम्हाला तुमचे राज्य देऊ." अरब लढले. आणि त्याच काळात इंग्रज आणि फ्रेंच साहेबांनी एका खोलीत बसून, नकाशावर अक्का बंदरापासून किरकूकपर्यंत एक रेघ ओढली. रेघेच्या वरचे फ्रेंचांचे, खालचे इंग्रजांचे. ज्यांचा मुलूख होता त्यांना कोणी बोलावलेच नाही. पुढे रशियात क्रांती झाली, तिथल्या नव्या सरकारने तो गुप्त करार छापून टाकला, तेव्हा कुठे जगाला कळले.

सोमाजीभाऊंनी नाटक ऐकले आणि डोके खाजवले. "मास्तर, हे अरबस्तान आरमोरीच्या अल्याड का पल्याड?"

"लई दूर आहे, भाऊ."

"मंग लोकाईले काऊन दाखवाचं? ना राजा, ना रानी. दोन साहेब टेबलापाशी बसून राह्यले, हे कोन पाहीन?"

पण मास्तरांनी हट्ट सोडला नाही. शेवटी ठरले, मार्कंड्याच्या जत्रेत एक खेळ करून पाहायचा. नवा पडदा कोण घेणार? म्हणून मला बाहेर काढले, माझ्या राजवाड्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला, आणि नकाशा काढण्याचे काम खुर्शीदला दिले.

खुर्शीद दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पडदा रंगवायची त्याची जन्माची इच्छा होती, पण आजवर कोणी काम दिले नव्हते. मास्तरांनी त्याला शाळेतला छोटा नकाशा दिला आणि ते परीक्षांच्या गडबडीत अडकले. त्या नकाशात नद्या निळ्या होत्या आणि बाकी सगळा मुलूख तपकिरी. खुर्शीद बराच वेळ त्या तपकिरी रंगाकडे पाहत बसला. मग हसला आणि कामाला लागला. मित्रांनो, त्याचा हात काय हलका होता! अंगावरून वारा गेल्यासारखे मला वाटे. आपल्यावर नेमके काय उमटते आहे, हे मात्र मला दिसत नव्हते.

ते दिसले मार्कंड्याला, लोकांच्या चेहऱ्यांत. महाशिवरात्रीची जत्रा. दूरच्या गावच्या लोकांना उजेडी परतायचे असते, म्हणून खेळ दुपारी ठेवला होता. वैनगंगेच्या काठावर मंडप होता. मला उलगडले आणि हरिदास मास्तर धावतच माझ्याजवळ आले.

"खुर्शीदभाई, हे काय केलं गा? अरबस्तानात मोह कुठी असते?"

माझ्यावर जंगल होते. पानगळीतले सागवान, टपोऱ्या फुलांनी लदलेला मोह, आणि बांधावर बगळे उभे असलेली बोडी, म्हणजे शेताकडेचे तळे. अरबांच्या फरात नदीत वाळूचे पट्टे होते आणि एक डोंगा चालला होता.

खुर्शीदचा चेहरा उतरला. "मास्तर, तुमच्या कागदात तपकिरी रंग होता. आपल्या इथी फागुनात पानं गळली का डोंगर तसाच दिसते ना."

"ते वाळवंट आहे!"

"मंग सांगाचं होतं ना! मी तं आयुष्यात वाळवंट पाह्यलं नाई. वाळू पाह्यली ते नदीची. ते काढली."

सोमाजीभाऊ इंग्रज साहेबाची टोपी घालून उभेच होते. त्यांनी मंडपाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या चुन्याच्या बादलीकडे बोट दाखवले. "आज लोकं उठून गेले, तं उद्या सकारी याच्यावर चुना फासतो. पुन्हा राजवाडा काढाचा, पुन्हा राजा-रानी. अन् खुर्शीदभाई, तू आपल्या पाट्याच रंगव बाबू."

खुर्शीदने हातातल्या कुंचल्याचे टोक पुन्हा पुन्हा कुडत्याला पुसले. आणि मी? ज्याच्या अंगावर चुना फासणार, त्याला काय वाटत असेल, याचा तुम्हीच विचार करा.

खेळ सुरू झाला. पहिला अंक रेंगाळला. पोरे पाळण्यांकडे पळाली, मागच्या रांगेतले बाप्ये बिडीला उठले. मास्तर विंगेत वही धरून शब्द सांगत होते, त्यांचा आवाज बारीक होत चालला. मग दोन्ही साहेब माझ्यासमोर आले. सोमाजीभाऊंनी काठीला बांधलेला कोळसा उचलला आणि माझ्यावर रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ डोंगा ओलांडून गेली. सागवान ओलांडून गेली. मोहाचे झाड तिने मधोमध चिरले, आणि ती बोडीत शिरली.

बसलेले लोक पुढे सरकले.

मित्रांनो, त्या वर्षांत नदीकाठच्या गावांत मोठ्या धरणाची बोलणी चालू होती. कोणीतरी कुठेतरी कागदावर पाण्याची रेघ आखली आहे, तिच्या आतली गावे पाण्याखाली जाणार, असे लोक बोलत. कागद कोणी पाहिला नव्हता.

पुढच्याच रांगेतून एक म्हातारी उठली. बायनाबाई तिचे नाव, देवदर्शनाला आलेली.

"ए टोपीवाल्या! ते बोडी कोनाची आहे?"

सोमाजीभाऊ गडबडले. "बाई, बसा खाली. नाटक चालू आहे."

"नाटक असो का काई असो. मोह आमचा, बोडी आमची, अन् वाटनी तू करून राह्यला? कोनाले इचारलं?"

लोक हसले, पण ती थांबली नाही. लुगडे सावरत सरळ रंगमंचावर चढली, माझ्याजवळ आली आणि पदराने ती रेघ पुसू लागली. तिचा खरबरीत हात मला कापडातून जाणवत होता.

सोमाजीभाऊंनी मास्तरांकडे पाहिले. वहीत असा प्रसंग कुठेच नव्हता. सोमाजीभाऊ मात्र मुरलेले नट. त्यांनी टोपी सारखी केली आणि पुन्हा रेघ ओढली. लगेच दुसरी बाई चढली. तिने पुसली. मग तिसरी. बिडीला गेलेले बाप्ये धावत परत आले, पाळण्यांवरची पोरेही आली. "ओढ सायबा, ओढ! पाहू तुया कोळसा पुरते का आमचे पदर!"

आणि खरेच, कोळसा संपला. सोमाजीभाऊंनी रिकामी काठी वर करून दाखवली, तेव्हा जो आरडाओरडा झाला तो नदीपलीकडे गेला असेल.

पण मास्तर घाबरले होते. इतिहासात तर ती रेघ पुसली गेली नव्हती. लोकांना खोटे कसे सांगायचे? तेव्हा अरब आईचे काम करणारी वच्छला पुढे आली. हात जोडून म्हणाली, "बायांनो, खरं सांगू का? आमच्या मुलखात ते रेघ राह्यली. थोडी सरकली, पन राह्यली. आमी पुसाले उठलो, तं त्याईनं तोफा आनल्या."

मग बायनाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "राहू दे माय. आमी आता पाह्यलं ना. आमाले ठाव झालं."

वहीतल्या कोणत्याही वाक्यावर पडला नसता, असा दर्शनी पडदा त्या वाक्यावर पडला.

सोमाजीभाऊंनी टोपी काढली आणि खुर्शीदला सगळ्यांदेखत मिठी मारली. कोळशाचे काळे हात त्याच्या कुडत्यावर उमटले. चुन्याची बादली त्यांनी स्वतः नेऊन बाहेर पालथी केली. मास्तर खुर्शीदला म्हणाले, "उद्या वेळ आहे तुमच्यापाशी? त्या फरातच्या काठानं अजून दोन मोह काढा."

त्यानंतर गावोगावची मंडळे वडशाला येऊन विचारू लागली, "तोच पडदा पायजे, मोहाचा." होळी झाली तरी आमचे खेळ चालूच होते. खुर्शीदला लोक पडदेवाले खुर्शीदभाई म्हणू लागले, आणि पाट्या रंगवायला त्याला सवड उरली नाही. प्रत्येक गावात रेघ ओढली की बाया आपणहून उठत. कोणी शिकवले नव्हते, तरी ती रीतच पडली.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. मधोमध, जिथून ती रेघ जायची, तिथे माझे कापड विरले आहे. इतक्या पदरांनी पुसल्यावर दुसरे काय होणार! मोहाचे झाड तर अर्धे उरले आहे. तुम्ही जुन्या वस्तू जपता असे मी ऐकतो, म्हणून एवढे मागतो. मला ओला गुंडाळू नका. उंदरांपासून सांभाळा. वर्षातून एकदा ऊन दाखवा. पण त्या विरलेल्या जागेवर ठिगळ लावू नका. उद्या तुमच्यातले कोणी मोठे होऊन, हातात पेन्सिल घेऊन नकाशासमोर बसतील. त्यांना एकदा माझ्यामागे आणून उभे करा आणि त्या जाळीदार कापडातून पलीकडे पाहू द्या.

तिथे माणसे बसलेली दिसतात.