रडायचं नाही, असं ठरलं होतं

भेटीच्या खोलीत लहान मुलांच्या खुर्च्या आहेत. मोठं माणूस बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. भिंतीवर हसरा सूर्य रंगवलाय. त्याला काय जातंय हसायला. कोपऱ्यात बाल कल्याण कार्यालयातल्या ताई बसतात आणि आम्हा मायलेकींकडे बघतात. बघण्याचाच पगार आहे त्यांना, त्यांना तरी काय बोलणार?

मी हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. मध्यंतरी फुप्फुसाच्या दुखण्याने बरेच महिने दवाखान्यात काढले. घरात आम्ही दोघीच, म्हणून सरकारने माझ्या भिंगरीला एका मावशीकडे सांभाळायला ठेवलं. बाई चांगली आहे. तिच्यावर राग काढायचीही सोय नाही.

मी बरी झाले. ताईंनी माझी खोली पाहिली, खिडकी उघडून पाहिली, दिवसपाळी मिळाल्याची खात्री केली. सगळं पसंत पडलं. आता एकच राहिलं होतं, मुलीला माझी ओढ आहे की नाही. आजची भेट बघून ताई समितीला तेच सांगणार होत्या. त्यावर भिंगरी घरी येणार की तिकडेच राहणार, हे ठरणार होतं.

पहिल्या भेटीत निघायच्या वेळी ती माझ्या गळ्याला अशी बिलगली की ताईंनी आणि मावशीने मिळून सोडवली. तीही रडली, मीही रडले. रात्री तिला ताप भरला. ताई म्हणाल्या, "तुम्ही रडलात की ती रडते. असंच चालू राहिलं, तर भेटी कमी कराव्या लागतील."

ताई म्हणतील ती पूर्व दिशा. मी गाल आतून चावायला शिकले. डोळे भरून आले की मनात चादरीच्या घड्या घालायचे, टोकाला टोक जुळवून. पुढे त्याचीही गरज उरली नाही. आत काही हलेनासंच झालं.

आज भिंगरी आली. "कशी आहेस?" म्हणाली, पाहुण्यांना विचारावं तसं. पूर्वी एका जागी टिकायची नाही, आता हात मांडीवर ठेवून बसते. आम्ही ठोकळ्यांचं घर केलं. खेळण्यांचा खण लावताना तिचं बोट चेमटलं. बोट लालबुंद झालं. तिने ते बघितलं आणि मांडीखाली दाबून धरलं. मीही जागची हलले नाही.

ताई उठून जवळ आल्या. "तिला लागलं, तरी ती तुमच्याकडे आली नाही. तुम्हीही उठला नाहीत. समितीला मी काय सांगू?"

"तुम्हीच सांगितलं होतंत, रडायचं नाही."

"रडू नका म्हटलं होतं. दगड व्हा नव्हतं म्हटलं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला चिडायला हवं होतं. तेही जमलं नाही.

"मलापण मावशीने सांगितलंय," भिंगरी हळूच म्हणाली. "आईसमोर रडलं की आईला भेटू देत नाहीत."

मावशीला हे कोणी सांगितलं असणार, ते ताईंच्या चेहऱ्यावरच दिसलं. त्या आमच्यासमोरच्या इवल्याशा खुर्चीत बसल्या.

"आज रडलीस तरी चालेल हं," त्या म्हणाल्या. "दोघी रडलात तरी चालेल."

भिंगरीने विचार केला. "रडलं तर घरी जायला मिळेल?"



भिंगरी उठून माझ्या मांडीवर येऊन बसली. तिने डोळे गच्च मिटले, ओठ काढले, श्वास रोखून धरला. चेहरा लाल झाला. एक टिपूस आलं नाही. पुन्हा करून पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मला येतच नाहीये गं. आई, तू तरी रड ना."

मी प्रयत्न करत होते.