पांढऱ्या पैरणीमागचा गाडा

म्हसवडच्या पलीकडचा तो माळ म्हणजे नुसता मुरूम आणि दगड. चंद्रावर पुन्हा माणसं पाठवायची, तर त्यांचं सामान वाहणारा यंत्रगाडा आधी अशाच जागी चालवून बघायला हवा, म्हणून तिथे तंबू पडले होते. चाकं जपानची, लोखंडी हात जर्मनीचा, आणि माणूस ओळखून त्याच्यामागून चालायची अक्कल वडूजच्या साक्षी नावाच्या इंजिनिअर मुलीने घातलेली. आज ती अक्कल पास झाली तर चंद्रावर जाणार, नाही तर जर्मनांनी बनवलेली दुसरी जाणार. साक्षीला सकाळपासून चहासुद्धा गोड लागत नव्हता.

तिची सहकारी पल्लवी अंतराळवीराचा पांढरा पोशाख चढवून चालू लागली. गाडा शहाण्यासारखा मागे निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याने कॅमेऱ्याची मान वळवली. बघ्यांच्या घोळक्यातून लालासाहेब घरी निघाले होते. लष्करातले निवृत्त हवालदार, एका पायाने जरा लंगडणारे, अंगात कडक इस्त्रीची पांढरीशुभ्र पैरण, खाली तसंच धोतर. गाड्याने पल्लवीला वाऱ्यावर सोडलं आणि लालासाहेबांची पाठ धरली.

"आवं ताई, ह्ये माझ्या मागं का लागलंय?"

साक्षी बंद करायचं बटण दाबायला धावली, पण चाचणीच्या प्रमुख, जपानी तनाकाबाईंनी हात आडवा केला. "चाचणी चालू असताना हात लावायचा नाही. कुठे जातोय बघू या." बाईंना भलतंच कुतूहल वाटत होतं. साक्षीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडा ओढा उतरला, बाभळीच्या काट्यांतून गेला आणि सगळ्यांना मागोमाग घेऊन थेट लालासाहेबांच्या अंगणात उभा राहिला. त्यांच्या बायकोने, हरणाबाईंनी, चाकांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला. दारात नवा बैल आला तरी त्या हेच करत. पाहुणचार झाल्यावर रीतीप्रमाणे लालासाहेब त्याला तंबूपर्यंत पोचवायला गेले. परत फिरले, तर गाडा पुन्हा मागे. पुन्हा पोचवला, पुन्हा आला.

"कोण कुणाला पोचवतंय, कायबी कळंना झालंय," लालासाहेब म्हणाले. जर्मन इंग्रिडची हसून हसून पुरेवाट झाली.

शेवटी हरणाबाई वैतागल्या. "आवं, जेवाण निवलं की!" म्हणत त्यांनी काळं घोंगडं आणलं आणि नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत झाकून टाकलं. "चाला आता."

लालासाहेब चालले. गाडा जागच्या जागी थबकला. त्याचा कॅमेरा डावीकडे वळला, उजवीकडे वळला. चार हातांवर त्याचा माणूस चालत होता, आणि त्याला तो दिसत नव्हता.

हशा पिकला. साक्षी हसली नाही. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे सावल्या या घोंगड्यासारख्याच काळ्या असतात. तिथे माणूस सावलीत शिरला, की हा गाडा प्राणवायू पाठीवर घेऊन असाच उन्हात उभा राहणार. त्याला माणूस ओळखायला शिकवला, असं ती वर्षभर छाती फुगवून सांगत होती. शिकवला होता नुसता पांढरा रंग.

सगळा दोष लालासाहेबांच्या पैरणीवर ढकलता आला असता. तिने तसं केलं नाही. "माझा गाडा चंद्रावर माणूस हरवेल," तिने सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना तिला रडूच आलं.

इंग्रिडचं हसू मावळलं. "आमची अक्कल माणूस चालीवरून ओळखते, पण खाचखळगे आले की पाठ सोडते," ती म्हणाली. "तुझी काट्यांतूनही सोडत नाही." तनाकाबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि हरणाबाईंकडे आणखी घोंगडी मागितली.

मग आठवडाभर गावाची चांगलीच करमणूक झाली. जपानी, जर्मन, वडूजकर, सगळे भर उन्हात घोंगडी पांघरून माळावर चालत होते, आणि दोन्ही अकला एकत्र केलेला गाडा प्रत्येकाची चाल शिकत होता.

पुन्हा चाचणी झाली. या वेळी गाड्याने जायचं होतं लालासाहेबांच्या मागे. ते घोंगडं पांघरून निघाले आणि शेजारून पांढऱ्या पोशाखात पल्लवी निघाली. गाडा थांबला. कॅमेरा पल्लवीवर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग कॅमेरा त्या लंगडणाऱ्या काळ्या घोंगड्याकडे वळला, आणि चाकं हलली.

अंगणात हरणाबाई तांब्या भरून उभ्या होत्या. "वळाखलं गं बाई तुज्या लेकरानं," त्या साक्षीला म्हणाल्या आणि चाकांवर पाणी ओतलं.