डाव्या वळणाची विडी

बेल्ह्याच्या बैलबाजाराच्या मागं पत्र्याची एक लांबडी खोली होती. तिथं विड्यांचं केंद्र चालायचं. कारखाना लांब, नगर जिल्ह्यात. इथं बायांना पान आणि तंबाखू वजन करून मिळायची, आणि त्यांनी घरी वळून आणलेल्या विड्या घेतल्या जायच्या. घ्यायच्या की नाही हे तुळशीदास ठरवायचा.

तुळशीदास दारातच गोणपाटावर मांडी घालून बसायचा. बाई पुढं आली की तिच्या सुपातली एक विडी उचलायचा. आधी कानाशी धरून दोन बोटांत फिरवायचा. पान कोरडं करकरलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. मग अंगठ्यानं विडीच्या पोटात दाबायचा, खड्डा पडतो का बघायचा. खड्डा पडला म्हणजे तंबाखू कमी भरलीय. मग हुंगायचा आणि पेटवायचा. पहिला झुरका सोडून द्यायचा, कारण त्यात काडीचीच चव जास्त. दुसरा मात्र तोंडात धरायचा, डोळे मिटायचा आणि सावकाश नाकानं सोडायचा. विस्तव गोल चढला, एका अंगानं पळाला नाही, घशाला खरवड आली नाही, तर म्हणायचा, "चालंल."

एवढं ऐकण्यासाठी बाया विड्या मोजून झाल्या तरी घुटमळायच्या. शेतकऱ्याघरची चिमाबाई हसून म्हणायची, "नवऱ्यानं कधी माझ्या कालवणाला बरं म्हणलं न्हाई. ह्या मेल्याचं चालंल तेवढं कानावर पडतं."

बनाबाईची विडी तुळशीदासनं कधी ओढली नाही.

तिची पाळी आली की त्याला खोकला यायचा, नाहीतर काडेपेटी सापडायची नाही. "रंगावरनंच कळतं," असं म्हणत तो तिच्या सुपात हात घालायचा, मूठभर विड्या उचलून छाटेच्या खोक्यात टाकायचा आणि सूप पुढं ढकलायचा. छाट म्हणजे बाद झालेला माल, त्याला मजुरी नाही. बाकीच्या बायांची छाट निघायची तेव्हा तो चूक दाखवायचा. हिची रोज निघायची आणि चूक कधी दाखवली जायची नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बनाबाई बौद्धवस्तीतली. तिच्या बापानं छप्पन्न सालानंतर घरातले देव ओढ्याला नेऊन सोडले होते. तुळशीदासचं घर बागायतदाराचं, थोरला भाऊ सोसायटीत. नव्वदच्या पुढं साल गेलं होतं, टपरीवर कप एकच झाले होते, शाळेत पोरं एका सतरंजीवर बसत होती आणि भाषणात तर सगळे केव्हाचेच समान होते. पण विडी ओठाला लागते. विडीचं तोंड नखानं दुमडताना बोट जिभेला लावून ओलं करायची खोड सगळ्याच बायांना असते. तुळशीदासला गोजरबाईची थुंकी चालायची, चिमाबाईची चालायची. बनाबाईची चालत नव्हती. हे असं उघडं लिहिलं की लोकांना घाण वाटते. करताना वाटत नाही.

बरं, कारखान्यात गेल्यावर साऱ्या विड्या एकाच भट्टीवर भाजल्या आणि एकाच बंडलात बांधल्या जायच्या. बनाबाईच्या हातची विडी कुणाकुणाच्या तोंडात जात होती, देव जाणे. न दिसता सगळं चालत होतं.

दिसायचं म्हटलं तर मात्र तिची विडी हजारात दिसली असती. बनाबाई डावखुरी. सगळ्या बायांच्या विडीवर पानाची कड उजवीकडं चढत जाते, हिच्या विडीवर डावीकडं. दोरासुद्धा उलट्या अंगानं गुंडाळलेला. वळण मात्र असं घट्ट की दाबली तर बोटाला लाकूड लागल्यासारखं वाटावं. लहानपणी आईनं तिचा डावा हात बांधून ठेवला होता. सुटला की पुन्हा तोच हात पुढं. शेवटी आई म्हणाली, वळ बाई तुला वळायचं तसं.

तिला तुळशीदासचं दुसरं काही नको होतं. त्यानं एकदा चार बायांसमोर तिची विडी ओढावी आणि चालंल म्हणावं. नाहीतर ओढून बाद म्हणावं, तेही तिला चाललं असतं. न चाखता बाद, हे तिला रोज नव्यानं लागायचं.

छाटेचा माल कारखान्यात परत जातो, तिथं मोडून त्याची तंबाखू वेगळी काढतात, असं तुळशीदास सांगायचा.

एकदा बाजाराच्या दिवशी बनाबाई मिरच्या घ्यायला आली होती. लिंबाखाली बैलाचा सौदा चालला होता. पिंपळवंडीचा संपत, जनावरांचा व्यापारी, रुमालाखाली हात घालून किंमत ठरवत होता. मध्यस्थ होता तुळशीदास. सौदा तुटायला आला तसा तुळशीदासनं सदऱ्याच्या खिशातून विड्या काढल्या.

"घ्या राव, आधी बिडी वढा. डोकं थंड करा. पेशल माल हाये."

संपतनं झुरका घेतला, विडी तोंडातून काढून तिच्याकडं बघितलं. "च्यायला, ही कुठली? दुकानात असली मिळत न्हाई."

"दुकानात कशी मिळंल! ही आमी काढून ठेवतो. मी दुसरी वढतच न्हाई."

बनाबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती, मिरच्यांच्या ढिगाशी. संपतच्या बोटांतल्या विडीवर पानाची कड डावीकडं चढत गेली होती. तुळशीदासच्या ओठातल्या विडीवरही. त्याच्या खिशातून बाहेर आलेली टोकं तिनं ओळखली. तुळशीदासनं झुरका तोंडात धरला होता, डोळे मिटले होते, धूर सावकाश नाकातून येत होता.

ती मिरच्या न घेताच घरी गेली.

संध्याकाळी चिमाबाई पान भिजवायला फडकं मागायला आली तेव्हा बनाबाईनं तिला सांगितलं. चिमाबाईनं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाली, "एक कर. उजव्या हातानं वळ. तुझ्या मी माझ्या सुपात घालते, माझ्या तू ने. वढंल, चालंल म्हणंल. मंग सांगू त्याला, ही बनाबाईची व्हती म्हणून. तोंड बघण्यासारखं व्हईल."

"उजव्या हाताची माझी कशी?"

"अगं, हात तुझाच की."

"न्हाई. मला लपून चालंल नको. लपून तर तो रोज वढतोय."

दुसऱ्या दिवशी केंद्रात गर्दी होती. गोजरबाईची विडी ओढून झाली, चालंल झालं. बनाबाईनं सूप पुढं ठेवलं. तुळशीदास खोकला.

"भाऊ, वढा."

"काय?"

"बिडी. समद्यांची वढता, माझी बी वढा."

"घसा धरलाय आज."

"आत्ता तर गोजरबाईची वढली."

गोजरबाई तोंडाची फटकळ. ती मागून म्हणाली, "वढा की भाऊ. इंचू हाये का तिच्यात?" दोघी-तिघी हसल्या.

"तू गप गं!" तुळशीदास चिडला. "मला शिकवू नका. माल बघूनच कळतो." आणि रोजच्यासारख्या मूठभर विड्या उचलून त्यानं खोक्यात टाकली.

बनाबाई उठली नाही. ती खोक्याकडं सरकली. आतल्या ढिगातून तिनं आपल्या विड्या वेचल्या, वेचायला वेळ लागलाच नाही. एक घेतली आणि मधोमध मोडली. पान फाटलं, तंबाखू मांडीवर सांडली. दुसरी घेतली.

"अय! ए बाई! मालकाचा माल हाये त्यो!"

"बाद हाये न्हवं?"

"बाद झाला म्हणून काय झालं? वर जातो तो माल."

"वर कुठं जातो, भाऊ? बाद माल कोण वढतं?"

तुळशीदासचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशावर गेला. खिसा फुगलेला होता. साऱ्या बायांनी तो हात बघितला, आणि आपल्याला बघितलं हे त्यानंही बघितलं.

खोलीत विड्या मोडल्याचा तेवढा आवाज येत राहिला. बनाबाईनं आपली शेवटची विडी मोडली, तंबाखू झटकली आणि उठली. मग गोजरबाई पुढं आली आणि तिनं खोक्यातली आपली छाट काढून मोडायला घेतली. तिच्यामागून लंकाबाई आली. ह्या बाया बनाबाईसाठी उठल्या होत्या असं कुणी समजू नये. त्यांची त्यांची छाट होती. फुकट कुणी ओढू नये एवढंच त्यांना कळलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. चिमाबाई मात्र जागची हलली नाही. तिचा दीर आणि तुळशीदास एकाच विहिरीवर पाणी घेत होते.

त्या दिवसापासून केंद्रात पद्धत पडली. बाद झालेली विडी बाईनं तिथंच मोडायची. मोडली नाही ती चालली असं धरायचं. मालकापर्यंत गोष्ट गेली असावी, पण तिकडून कुणी आलं नाही. आणि बनाबाईची छाट त्यानंतर निघाली ती कधीतरीच. मोडायचाच असेल तर चांगला माल कोण बाद करील?

पण ओढण्याचं तसंच राहिलं. तुळशीदास दुसऱ्या कुणाची विडी पेटवायचा की मागून गोजरबाई म्हणायची, "आता बनाबाईची." तिला त्याची गंमत वाटायची. रोज एकच गंमत. तुळशीदासची काडी हातात विझायची. काही दिवस त्यानं रेटलं. मग तो कुणाचीच विडी ओढेना. कानाशी धरायचा, दाबायचा, हुंगायचा आणि सूप पुढं ढकलायचा. चालंल हा शब्दच केंद्रातून गेला.

"तुझ्यापायी आमचं बी गेलं," चिमाबाई एकदा बनाबाईला म्हणाली. हसून म्हणाली, पण पुरती हसून नाही.

पुढं कळलं की तो घरीही ओढत नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून ओढणारा माणूस! छाटेची मिळत नव्हती, आणि दुकानातली त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. विकत आणलेलं बंडल तो दोन झुरक्यांत फेकून द्यायचा, असं त्याची बायको ओट्यावर सांगायची. बनाबाईपुढं बसून एक झुरका घेतला असता तर सगळं मिटलं असतं. त्यानं तेवढं केलं नाही. त्याऐवजी विडी सोडली.

लोकांना ह्यातलं काय दिसणार? लोक म्हणाले, तुळशीदासनं मन घट्ट केलं.

दोन हजार दोन साली तंबाखूविरोधी दिनाला शाळेच्या पटांगणात मांडव पडला. आरोग्यवाले जीपमधून आले. विडी सोडलेला माणूस त्यांना हवाच होता, आणि विडीच्या केंद्रावर बसून विडी सोडलेला माणूस म्हणजे तर नवलच. विड्या वळणाऱ्या बायांना पुढच्या रांगेत बसवलं होतं, विडीनं काय काय रोग होतात ते ऐकायला. तुळशीदासला शाल आणि नारळ मिळाला. माईकपुढं उभा राहून तो म्हणाला, "मनात आणलं तर काय बी सुटतं." टाळ्या पडल्या. बनाबाईनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचा डावा हात पदराच्या गाठीवर होता.

कार्यक्रम आटपल्यावर चहा-बिस्किटं सुरू झाली. तुळशीदास खुर्चीवर बसला होता, नारळ मांडीवर. बनाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. पदराची गाठ सोडली. आत एक विडी होती.

"सोडली ते ब्येस केलं, भाऊ. वढू नका. नुसती हातात घ्या आन् सांगा."

त्यानं आजूबाजूला बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यानं विडी घेतली.

हात आपोआप कानाकडं गेला. दोन बोटांत विडी फिरली. मग अंगठा तिच्या पोटावर आला, दाबला, खड्डा पडला नाही. मग विडी नाकाखाली गेली. तुळशीदासचे डोळे मिटले. बनाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. ओठ उघडले.

"काय भाऊ!" चहाचा कप घेऊन येणारा बैलांचा व्यापारी संपत मोठ्यानं ओरडला. "शाल अंगावर हाये तवर तरी दम धरा की!"

चार लोक हसले. तुळशीदासचे ओठ मिटले. त्यानं पटकन विडी शालीखाली, सदऱ्याच्या खिशात घातली. "काय न्हाई, काय न्हाई," म्हणाला.

संपत पुढं गेला. बनाबाईनं डावा हात पसरला.

"आणा."

"राहू दे गं आता."

"राहू कशी दिऊ? खिशात न्हाई घालायची. चालंल म्हणा, न्हाईतर मोडा. दोन्ही जमत नसंल तर माघारी द्या."

तुळशीदासनं विडी बाहेर काढली. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आडवी धरली. अंगठ्यांची नखं पांढरी झाली. म्हातारा होत आला होता तो, पण एक विडी मोडायला काय बळ लागतं? पान कुरकुरलंही नाही. तो नुसता तिच्याकडं बघत राहिला, त्या डावीकडं चढत गेलेल्या कडेकडं.

मग त्यानं विडी तिच्या तळहातावर सोडली. वरून सोडली. बोटाला बोट लागू दिलं नाही.

बनाबाईनं विडी पदरात बांधली आणि मांडवाबाहेर पडली. फाटकाशी चिमाबाई उभी होती. तिनं लांबून सगळं बघितलं असावं.

"काय म्हणला गं?"

"काय न्हाई म्हणला."

"मंग?"

"मोडली बी न्हाई," बनाबाई म्हणाली, आणि वस्तीकडच्या रस्त्याला लागली.