गरम बाटलीतलं बफर

"आई, माझं एन्झाइम पुन्हा मेलं," म्हणत दिपाली घरात शिरली आणि चपला न काढताच दिवाणावर बसली.

पुष्पलताबाईंनी सुनेसमोर माठातलं पाणी ठेवलं. जन्मभर कॉलेजात जीवरसायन शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत सून पीएचडी करत होती. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातल्या राखेतल्या जिवाणूंपासून तिनं वर्षभर खपून हे एन्झाइम काढलं होतं. आता एकच नळी शिल्लक होती. तीही गेली, तर सगळं पहिल्यापासून.

"ज्यात एन्झाइम टाकतं, ते बफर कोणं केलं?"

"मीच. पीएच बरोब्बर साडेसात. बफर असलं की पीएच हलत नाही, हे तुम्हीच सांगता ना?"

"सांगतो खरं. वजन करताना कूलर चालू होता?"

"बंदच करावा लागते, आई. वाऱ्यानं काटा ठरत नाही, पावडर उडते."

पुष्पलताबाईंना आपले दिवस आठवले. खिडक्यांना गारव्यासाठी बांधलेले वाळ्याचे ताटवे, त्यांवर पाणी मारणारे शिपाई नत्थूजी. वजन करायचं म्हटलं की ताटवे बाजूला सारायचे, आणि घटकाभरात काचेची बाटलीसुद्धा पोळायची.

"पीएच लावला तेव्हा बाटली हाताले कशी लागे?"

"गरम. बाहेर आग पडून राहिली न!"

"अन् एन्झाइम कशात ठेवतं वं?"

"बर्फात..." दिपालीचा ग्लास ओठाशीच थांबला.

"ट्रिस पावडरीचं बफर आहे ते, पोरी. थंड झालं की त्याचा पीएच चढते, अन् तिथंच तुझं एन्झाइम मरते."

दुसऱ्या दिवशी दोघी प्रयोगशाळेत गेल्या. बाटली बर्फात गार होऊ दिली, मग मीटर लावला. आकडा साडेआठच्याही वर! दिपालीनं थेंबाथेंबानं आम्ल घालून तो साडेसातवर आणला. शेवटची नळी मात्र तिला उघडवेना.

"तुम्ही टाका, आई."

"काहून? लेकरू तुझं, तूच आंघोळ घाल."

दिपालीनं एन्झाइम त्या बफरात सोडलं आणि तपासणीचं रसायन घातलं. एन्झाइम जिवंत असेल, तर मिश्रण पिवळं व्हायला हवं होतं. आधीच्या सगळ्या नळ्या पाण्यासारख्या राहिल्या होत्या. दोघी वाकून बघत राहिल्या. कूलर बंदच होता, दिपालीच्या हनुवटीवरून घाम ठिबकत होता.

नळीत आधी लिंबाच्या सालीएवढा फिका रंग आला. मग तो गडद होत गेला.

दिपालीनं हातमोज्यांसकट सासूला मिठी मारली.

"पुरे वं," पुष्पलताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता लाव तो कूलर. मी शिजून राहिली इथं."