पाच मिनिटं गप्प बसा

मी एक औषधी शाम्पूची बाटली बोलतेय. माझ्या पोटात बुरशी मारणारं औषध आहे आणि पाठीवर बारीक अक्षरांत सूचना. पोटातलं सगळ्यांना हवं असतं, पाठीवरचं कोणी वाचत नाही.

माझा मालक सलूनवाला. गिऱ्हाइकं त्याला मास्टर म्हणतात. दिवसभर लोकांच्या डोक्यात हात, पण स्वतःच्या डोक्यावर कायम टोपी. टोपीखाली लाल झालेली टाळू, कोंड्याचे पोपडे आणि खाज. तरी गिऱ्हाइकाला कोंडा दिसला की हा छातीठोकपणे लिंबू आणि दही सुचवायचा. दोन्ही करून आपण थकलोय, हे तेवढं गिळायचा.

एकदा दाढी करताना टोपी सरकली आणि गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या काळ्या कापडावर पांढरा चुरा सांडला. गिऱ्हाईक म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, वीस वर्षं इथंच येणारे. ते अर्ध्या दाढीनंच उठले. "मास्टर, आधी स्वतःचं डोकं बघा," म्हणाले आणि गेले. पुढे ते समोरच्या सलूनमध्ये दिसू लागले.

मग बायकोनं त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं आणि मी घरात आले. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, असा माझा हिशेब. यानं मला चोळलं काय, लगेच धुतलं काय! दोन आंघोळींत निकालही दिला, की हिच्यात काही दम नाही.

बायकोनं चष्मा लावून माझी पाठ वाचली. पुढच्या वेळी त्याला मोरीत स्टुलावर बसवलं, टाळूला फेस लावला आणि घड्याळ घेऊन समोर उभी राहिली. "अहो, लोकांना अर्धा अर्धा तास मान हलवू देत नाही तुम्ही. आता पाच मिनिटं गप्प बसा."

तो डोळे मिटून बसला. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "सर अर्ध्या दाढीनं गेले गं."

तिनं त्याच्या कानावरचा फेस पुसला.

चार आठवड्यांत खाज गेली, पोपडे गेले. मास्टर टोपी न घालता शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि मुख्याध्यापकांपुढे डोकं वाकवलं. त्यांनी चष्मा सावरून नीट तपासलं. त्या रविवारी ते सलूनमध्ये आले. काय केलंत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आरशाखालच्या फळीवर मी कान टवकारले; मास्टरनं मला घरून आणून तिथं ठेवलं होतं.

"शिस्त, सर. माझा स्वभावच तसा."

बायकोचं नाव नाही, माझं तर नाहीच.

कोंडा परत येऊ नये म्हणून डॉक्टरांनी मला अधूनमधून लावायला सांगितलंय. पण माझ्यात आता तळाशी थेंबच उरलेत. शिस्तीचा हा पुतळा नवी बाटली आणत नाही. माझ्यात पाणी ओततो आणि खळखळ हलवतो. तुमच्या मोरीतही माझी एखादी बहीण अशीच उलटी उभी असेल. बाबांनो, तिला आता जाऊ द्या. पाण्यानं बुरशी मरत असती, तर तुम्ही रोज आंघोळ करताच की.