तुमची हरकत नाही ना?

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीवर सकाळपासून इंग्रजीचा घोष चालला होता. बाकांवरच्या बाया एका सुरात म्हणत होत्या, "येस मॅडम. राइट अवे, मॅडम." परदेशात घरकामाला जाणाऱ्या बायांचा हा वर्ग. वर्ग थोरल्या भावाचा, शिकवायची त्याची धाकटी बहीण. सगळ्या तिला बाई म्हणत. परभाषकांना इंग्रजी कसं शिकवावं याचं रीतसर प्रशिक्षण बाईंनी घेतलं होतं. दादाला त्याचं कौतुक होतं, पण दारावरच्या पाटीपुरतं.

"दादा, ही नुसती पोपटपंची झाली. प्रश्न जरा फिरवला की गप्प बसतात."

"फिरवून विचारतंय कोण? मुलाखत घेणारा आपलाच माणूस."

याच वर्गात त्यांची मावसबहीण शिकली होती. कुणालाच नाही म्हणता येत नाही म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं होयबाई. मावशीनं तिला बाईंच्या भरवशावर सोपवलं होतं. अर्धा अभ्यासक्रम झाला आणि बाई टायफॉइडनं आडव्या झाल्या. उठून बघतात तो होयबाई विमानात बसून गेलेली. "शेवटचे धडे मी स्वतः पक्के करून घेतले," दादा म्हणाला होता. सख्ख्या भावावर कोण अविश्वास दाखवणार?

वर्ग सुटला. बाई फळा पुसत होत्या, तेवढ्यात परदेशातून होयबाईचा फोन आला.

"ताई, नो म्हणजे नाहीच ना?"

"हो. का गं?"

"मग इथे काही वेगळं असतं का? सुट्टीच्या दिवशी मॅडम विचारतात, आज काम केलंस तर डू यू माइंड? मी नो म्हणते, अगदी स्पष्ट. त्या थँक यू म्हणतात आणि इस्त्रीचा ढीग आणून ठेवतात. पासपोर्ट ठेवून घेतानाही असंच विचारलं. तेव्हाही मी नो म्हटलं. ताई, जन्मात पहिल्यांदा मी कुणाला नाही म्हणत होते गं."

बाईंना उलगडा झाला. डू यू माइंड म्हणजे तुझी हरकत आहे का? त्याला नो म्हटलं की झालं, हरकत नाही, खुशाल करा! पोरीनं सगळा धीर गोळा करून नकार दिला होता आणि दरवेळी तो होकार ठरला होता.

"अगं, नो म्हणू नकोस, ऐक—"

"मॅडम आल्या," ती कुजबुजली आणि फोन बंद झाला. पुन्हा लागलाच नाही.

दादा आतल्या खोलीत चहा पीत होता.

"हरकतीचा धडा तिला शिकवला होतास?"

"तो मी काढूनच टाकलाय. नाही म्हणायला शिकलेल्या बाया परत येतात. मग तिकडून माझ्या नावानं बोंब."

"आपली होयबाई होती रे ती."

"म्हणूनच तर निर्धास्त होतो. तिची तक्रार येणार नाही."

एवढं बोलून त्यानं बशीत चहा ओतला. ज्याचं बोट धरून बाई शाळेत गेल्या, त्यानंच केसानं गळा कापला होता, तोही त्यांच्या शिक्षणाची पाटी दाराला लावून. त्या बाहेर आल्या. रडू आलं ते जिन्यात.

पुढच्या रविवारी मुलाखत घेणारा साहेब आला. बायांनी पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. साहेब खूश झाला.

"छान तयारी आहे, बाई. मग यांना पाठवायला तुमची काही हरकत नाही ना?"

दादानं मान हलवून खूण केली. त्याला हवं असलेलं उत्तर एका शब्दाचं होतं, नाही.

"आहे," बाई म्हणाल्या.

"चेष्टा करतेय ती," दादा हसला.

"माझी हरकत आहे. यांना अजून इंग्रजी येत नाही. जोवर येत नाही, तोवर माझ्या शिकवणीच्या नावावर एकही बाई जाणार नाही."

साहेब दादाकडे बघू लागला. बाईंनी फळ्यावरचं 'येस मॅडम' पुसलं आणि बायांकडे वळल्या.

"म्हणा माझ्यामागून. येस, आय डू माइंड."

बाया आधी दादाकडे बघत राहिल्या. मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, चाचरत, पण आला.

होयबाईचा फोन अजून लागत नव्हता. तिकडेही आज सुट्टीचाच दिवस होता.