एक रिंग

मी बकुळा, अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधाच्या गोळ्यांच्या पॅकिंगला. माझं डोकं तापट, हे आमच्या सगळ्या लाइनला ठाऊक. पण त्या सनीपुढे मीही दोन वर्षं दातओठ खात गप्प बसले, कारण माझी धाकटी बहीण तेजल त्याच्या घरात नांदत होती, खरवईला. दारू पोटात गेली की तो मेला तिला गुरासारखा बडवायचा.

बोललेलं त्याला ऐकू जाऊ नये म्हणून आमचं ठरलेलं होतं. तिने एक रिंग देऊन कट केलं, की मी असेन तशी निघणार. पूर्ण रिंग वाजली, तर नुसत्या गप्पा, सवडीने बोलायचं. त्या एका रिंगवर मी तीनदा रिक्षा करून धावले होते.

तिच्या फोनचं लाल बटण पार झिजलेलं. चार-पाचदा दाबावं तेव्हा कुठे कट व्हायचं. तिने मला सांगितलंही होतं. रविवारी उल्हासनगरला जाऊन बदलू म्हणाले, आणि दोन रविवार असेच घालवले.

त्या मंगळवारी पहिल्या पाळीत, अकराच्या सुमाराला एप्रनमध्ये फोन थरथरला. तेजल. वाजतोय, वाजतोय, थांबेचना. म्हटलं, हिला काय, घरात बसून गप्पा सुचतायत. इथे सुपरवायझर डोक्यावर उभा. बटणाचं माझ्या ध्यानातही आलं नाही. मी कट केला. परत वाजला, परत कट केला. तिसऱ्यांदा रागाने फोनच बंद करून टाकला.

तीनला गेटबाहेर चालू केला, तर तिच्या शेजारच्या इंदुबाईंचा फोन. मी पोचले तेव्हा तेजल मोरीत पडलेली. जबडा एका बाजूला सरकलेला, कानातून रक्त. सनी पलंगावर घोरत होता. दाराशी भरलेली कळशी होती, तीच उचलून त्याच्या तोंडावर घातली. उठायला लागला, परत घातली. दात फरशीवर पडले, नाक फुटलं, तरी माझे हात थांबेनात. इंदुबाईंनी केस धरून मागे खेचलं म्हणून तो मेला वाचला.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलात तेजलने मला खुणेने जवळ बोलावलं. जबडा तारेने बांधलेला. वाटलं, सनीचं विचारेल. ती मिटल्या दातांतूनच पुटपुटली,

"ताई, तू कट का करत होतीस?"

"कामात होते गं," मी म्हटलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.